दाद वजा केल्यावर

संत तुकारामांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. तेथील भजनाचे एका स्नेह्याने केलेले ध्वनिमुद्रण संगणकावर ‘स्वच्छ’ होऊन माझ्या हाती आले. महामार्गावरचे भोंगे आणि गर्दीचा कोलाहल त्यातून गेला होता खरा. पण टाळांची धार बोथट झाली होती आणि चाल धरणाऱ्या टाळकऱ्यांचा आवाज पाण्याखालून यावा तसा डचमळत होता.

असे का व्हावे? गोंगाट घटवणाऱ्या प्रणालीला बहुधा गाणे थांबलेल्या क्षणाचा एक नमुना देतात. त्यातील निरनिराळ्या कंप्रतांचे प्रमाण मोजून ती ते सबंध मुद्रणातून वजा करते. पंख्याची घरघर, फितीची खरखर अशा एकसुरी आवाजांवर ही मात्रा लागू पडते. टाळी मात्र क्षणात उमटून विरते आणि खालच्या-वरच्या बहुतेक कंप्रता व्यापते. तिला खरवडताना तिच्याखालचा स्वरही खरवडला जातो. मैफलीत आणखी एक घोटाळा होतो. गायक थांबला तरी तंबोरे थांबत नाहीत. नमुना त्या विरामातून घेतला, तर तंबोऱ्याची आसच गोंगाट ठरते! तंबोरे लावण्यात ज्यांनी जीव ओतला, त्या कुमार गंधर्वांच्या गाण्यातले तंबोरे पातळ करण्याला शुद्धीकरण कसे म्हणावे?

तंत्र उद्या सुधारेलही. माझा खरा आक्षेप निराळा आहे. पुण्यात १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मैफलीत जाणकार समेवर ‘वा!’ म्हणतो, तेव्हा तो गाण्याबाहेर नसतो. त्या दादेने फुलून गायक पुढची जागा घेतो. दाद पुसली की त्या जागेचे कारणच पुसले जाते. न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये २५ जून १९६१ रोजी झालेल्या बिल इव्हान्स त्रयीच्या मुद्रणात पेल्यांची किणकिण आणि श्रोत्यांची बोलणी आजही ऐकू येतात. त्यांनी रसभंग झाल्याचे मला तरी जाणवले नाही.

खोकला, भ्रमणध्वनीची घंटी यांचा कैवार मी घेत नाही. ते त्या त्या जागी हाताने काढावेत. त्याहून बरे म्हणजे मुद्रण करतानाच समोरचाच आवाज प्रामुख्याने टिपणारा माइक गायकाजवळ ठेवावा, श्रोत्यांसाठी दुसरा, आणि दोन्ही वेगळे नोंदवून मागाहून मेळ घालावा.

आकुर्डीत मात्र दोन माइक लावायचे तरी कोणाकोणापुढे? तिथली गर्दीच गात असते. स्नेह्याकडून मी मूळ मुद्रण मागून घेतले. त्यात एका चरणावर मालमोटारीचा भोंगा कर्कश वाजतो, आणि पुढच्याच चरणाला टाळकरी त्याच्यावर आवाज चढवतात. स्वच्छ केलेल्या प्रतीत तो आवाज उगाचच चढल्यासारखा वाटला होता.