वसईच्या बोली आणि ‘शुद्धोच्चारा’चे शिक्षण

ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. कोंकणातील बोलींत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ येण्याची प्रवृत्ती त्यात नमूद आहे. सर्वेक्षकाने ज्यास लक्षण म्हटले त्यास शाळेने दोष ठरविले. वसईच्या किनारपट्टीवर ज्या घरांत वाडवळी अथवा सामवेदी (कादोडी) बोलतात, तेथील मुलास प्रमाण मराठी ही काही अंशी दुसरी भाषाच होय. ‘पानी’ म्हणणाऱ्या या मुलास ‘पाणी म्हण’ असे दहादा बजावले जाते. परंतु जो भेद कानास जाणवत नाही तो जिभेने साधावा, ही अपेक्षाच मुळी अशास्त्रीय आहे.

प्रथम श्रवण हवे. ‘काल-काळ’, ‘वेल-वेळ’, ‘मन-मण’ अशा जोड्या ऐकवून अर्थ ओळखण्यास सांगितले, तर भेदाचे प्रयोजन मुलास आपोआप कळेल. आमच्या अंकलिपीने येथे अडचणच केली आहे. मराठीत ‘ण’ वा ‘ळ’ने शब्दाचा आरंभ होत नाही, म्हणूनच ‘ण बाणाचा’, ‘ळ बाळाचा’ असे शिकवावे लागते. असे असूनही उच्चाराचा सराव सुट्या अक्षरावर होतो! दोन स्वरांमध्ये हे वर्ण उच्चारताना जिभेचे टोक मागे वळून टाळूस निसटता स्पर्श करीत पुढे येते. हे चलन ‘आळा’, ‘आणा’ यांत सहज सापडते. सुट्या ‘ळ’वर जोर देऊन ते हाती लागणे कठीण.

परभाषीयाने मराठी किती आत्मसात करावी याचे उदाहरण म्हणून फादर स्टीफन्स यांचे नाव नेहमी पुढे केले जाते. १५७९ साली गोव्यास आलेल्या या इंग्रज धर्मोपदेशकाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. ग्रंथ थोर खराच; पण तो साक्ष देतो ती भाषाप्रभुत्वाची. ग्रंथकर्त्याच्या उच्चाराविषयी त्यावरून काय सांगणार?

बोलीचा हेल ही बाब निराळी. त्याने अर्थाचा घोटाळा क्वचितच होतो, म्हणून तो घालविण्यात वर्गाचा वेळ दवडू नये. हेलास हसले की मूल बोलणेच टाकते, आणि मग सुधारावयास उच्चारच उरत नाही. तो वेळ ‘च’ आणि ‘ज’ यांच्या दुहेरी उच्चारांस द्यावा. थोडेसे या अर्थाचा ‘जरा’ आणि वार्धक्य या अर्थाचा ‘जरा’ लिपीत एकच दिसतात. तेथे पुस्तक मुके आहे. शिक्षकाने दोन्ही म्हणून दाखविलेच पाहिजेत.