ब्रिगेडियर निवृत्त कधी झाले?

१९७५च्या अखेरीस बीबीसीवर ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेतली ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’ ही चार भागांची कथा दाखवली गेली. कथा घडते १९११मध्ये, इंग्लंडमधल्या एका हवेलीत. सुतेख नावाची सर्वसंहारक शक्ती हजारो वर्षांच्या कैदेतून सुटण्याच्या बेतात आहे. डॉक्टरबरोबर प्रवास करणारी तरुण पत्रकार सेरा जेन स्मिथ म्हणते, आपण निघून जाऊ या. १९११ साली जग काही संपलं नव्हतं. डॉक्टर वाद घालत बसत नाही. तो टार्डिस हे आपलं कालयान थेट तिच्या काळात, १९८०मध्ये नेतो आणि दार उघडतो. बाहेर झाड नाही, घर नाही. वादळाखाली पसरलेली मेलेली पृथ्वी. परत जाणं भाग आहे, हे सेराला आता कुणी सांगावं लागत नाही.

कालप्रवासाच्या प्रत्येक कथेला एक प्रश्न छळतो: भूतकाळ घडून गेलेलाच आहे, तर मग धोका कुणाला? या प्रश्नाला टीव्हीवर मिळालेल्या उत्तरांपैकी इतकं नेमकं उत्तर मला दुसरं माहीत नाही. त्याचा घाव बसतो, कारण ते उजाड साल सेराचं स्वतःचं आहे. त्यात तिचं घर आहे, काम आहे, ओळखीची माणसं आहेत. मात्र ‘मी १९८०ची’ असं तिच्या तोंडी घालताना पटकथेने असा एक वाद पेटवला, की तो आजही मिटलेला नाही. मालिकेचे चाहते त्याला ‘युनिट डेटिंग’ म्हणतात.

युनिट ही परग्रहावरून येणाऱ्या संकटांशी लढणारी लष्करी संघटना. तिचे प्रमुख ब्रिगेडियर लेथब्रिज-स्ट्युअर्ट. भूमिका निकोलस कोर्टनी यांची. १९७०पासून डॉक्टर पृथ्वीवर हद्दपारी भोगत असतो आणि युनिटचा वैज्ञानिक सल्लागार म्हणून काम करतो. या कथा नेमक्या कुठल्या साली घडतात, एवढाच वादाचा प्रश्न.

हिशेब सुरू होतो १९६८च्या ‘द वेब ऑफ फिअर’पासून. लंडनच्या भुयारी रेल्वेत यती शिरले आहेत, आणि ब्रिगेडियर तेव्हा अजून कर्नल आहेत. वृद्ध प्राध्यापक ट्रॅव्हर्स १९३५ साली हिमालयात यतींना भेटले होते, आणि त्याला आता चाळीसहून अधिक वर्षं झाल्याचं बोलण्यातून कळतं. म्हणजे १९७५च्या आधी हे घडणं शक्य नाही. त्याच वर्षाअखेरीच्या ‘द इन्व्हेजन’मध्ये युनिट पहिल्यांदा दिसते, आणि यतींच्या प्रकरणाला चार वर्षं झाल्याचं खुद्द ब्रिगेडियर सांगतात. म्हणजे १९७९. पुढच्या साऱ्या युनिट-कथा त्यानंतरच्या. सेराचं १९८० या हिशेबात जवळजवळ चपखल बसतं.

आता १९८३ची ‘मॉड्रिन अनडेड’ पाहा. ब्रिगेडियर एका मुलांच्या शाळेत गणित शिकवतात. कथेचा एक धागा १९८३मध्ये चालतो, दुसरा १९७७च्या जूनमध्ये, राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवात. त्या १९७७मध्येही ते शिक्षकच आहेत, कारण १९७६ साली ते युनिटमधून निवृत्त झाले. दोन्ही हिशेब शेजारी ठेवले, तर युनिट पडद्यावर येण्याच्या तीन वर्षं आधीच तिचे प्रमुख निवृत्त होऊन बसतात!

हा निव्वळ कालविपर्यास म्हणून सोडून देता आला असता. साठ-सत्तरच्या दशकांत मालिकेचा भाग एकदा लागला की बहुधा परत दिसत नसे. बीबीसीने जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या, ‘द वेब ऑफ फिअर’चे बहुतेक भाग कित्येक वर्षं हरवलेले होते, आणि मालिकेची पहिली व्हिडिओ कॅसेट निघाली ती १९८३मध्ये. हे दोन संवाद कुणी शेजारी ठेवून ऐकेल, असं लेखकांना वाटण्याचं कारणच नव्हतं. शिवाय ‘मॉड्रिन अनडेड’मधला शिक्षक आधी ब्रिगेडियर नव्हताच. १९६३च्या पहिल्या कथेतला विज्ञानशिक्षक इयन चेस्टरटन परत आणायचा बेत होता. तो नट मिळाला नाही आणि भूमिका फिरत फिरत कोर्टनींकडे आली.

चाहत्यांना हे सगळं ठाऊक असतं, तरी ते या उत्तरावर थांबत नाहीत, आणि इथूनच वादाला रंग चढतो. ‘निर्मात्यांची चूक’ हे उत्तर खरं असलं तरी ते कथेच्या बाहेरचं आहे. चाहत्यांना कथेच्या आतलं उत्तर हवं असतं, आणि ते शोधताना त्यांचं पाहणं फार सूक्ष्म होत जातं. ‘द ग्रीन डेथ’मध्ये ब्रिगेडियर फोनवर पंतप्रधानांना ‘जेरेमी’ म्हणतात; लिबरल पक्षाचे जेरेमी थॉर्प खऱ्या ब्रिटनमध्ये कधीच पंतप्रधान झाले नाहीत. ‘टेरर ऑफ द झायगॉन्स’मध्ये ते पंतप्रधानांशी ‘मॅडम’ म्हणून बोलतात. ती कथा १९७५ची, आणि थॅचर सत्तेवर आल्या १९७९ला. ‘द ॲम्बॅसडर्स ऑफ डेथ’मध्ये ब्रिटनची माणसं मंगळावर जाऊन आलेली आहेत. हे सारे पुरावे थोड्या पुढच्या काळाकडे बोट दाखवतात. पण पडद्यावरचे कपडे, केस, रस्त्यावरच्या मोटारी? डोळ्यांना सत्तरचं दशक दिसत राहतं आणि कानांना १९८० ऐकू येतं.

पळवाटाही स्वभावरेखांतूनच काढल्या जातात. ट्रॅव्हर्स विसराळू, तऱ्हेवाईक म्हातारा. त्याच्या चाळीस वर्षांवर किती भिस्त ठेवायची? सेराने ढोबळ आकडा सांगितला असेल. ब्रिगेडियरांची स्मृती तर कथेतच ढासळलेली आहे. पण रौप्यमहोत्सवाच्या तारखेपुढे शेवटची पळवाट बंद होते: तो दिवस कथेबाहेरच्या इतिहासाने पक्का केला आहे.

या वादाचा खरा रस मला इथे सापडतो. वरवर भांडण सालांचं असतं, पण प्रत्येक सालामागे कुणीतरी एक प्रसंग जपत असतो. जो १९८० सोडायला तयार नाही, त्याला त्या उजाड पृथ्वीची धार बोथट झालेली नको असते. जो १९७६ धरून बसतो, त्याच्या डोळ्यांपुढे ‘मॉड्रिन अनडेड’मधला निवृत्त सैनिक असतो: ज्या मित्राबरोबर त्याने पृथ्वी वाचवली, त्या डॉक्टरलाच तो ओळखत नाही. डॉक्टर हळूहळू जुन्या आठवणी जागवतो, यती आणि सायबरमेन हे जुने शत्रू पडद्यावर येतात, आणि कोर्टनींच्या चेहऱ्यावर ओळख परतते. त्या हरवलेल्या आठवणींचं मूळ वास्तवातल्या काळात, ज्यात रस्तोरस्ती पताका लागल्या होत्या त्या १९७७च्या जून महिन्यात रुतलेलं आहे. त्याचं साल हलवलं तर त्यातला माणूस हलतो.

म्हणूनच मालिकेने या वादाला दिलेला प्रतिसाद मला फार आवडतो. २००५नंतर ती ज्यांच्या हाती आली, ते याच चाहत्यांमधून आलेले लेखक होते. त्यांना एका संवादात निकाल लावता आला असता, पण त्यांनी तो लावला नाही. २००८च्या ‘द सॉन्टारन स्ट्रॅटेजम’मध्ये आपण युनिटमध्ये सत्तरच्या दशकात होतो की ऐंशीच्या, याबद्दल डॉक्टर स्वतःच गोंधळतो. २०१३च्या ‘द डे ऑफ द डॉक्टर’मध्ये ब्रिगेडियरांची मुलगी केट एक जुनी फाइल मागवते आणि सांगते, की ती सत्तरच्या किंवा ऐंशीच्या दशकाची असेल, कालगणनेची कुठली पद्धत धरता त्यावर ते अवलंबून. कोर्टनींचं निधन २०११मध्ये झालं होतं. वडिलांच्या हयातीची वर्षं मुलीलाही एका पद्धतीत मावत नाहीत, आणि युनिटच्या दप्तराने ते अधिकृतपणे मान्य केलं आहे. याहून उदार निवाडा कुठल्या लेखकाने दिला असता असं मला वाटत नाही.

कालक्रमाची सुसंगती हा कथेचा गुण आहेच. पण पन्नासहून अधिक वर्षं, अनेक हातांनी लिहिलेल्या कथेत ती ओळ न् ओळ सांभाळायची म्हटली, तर कुठल्यातरी उत्तम प्रसंगाचा बळी द्यावा लागेल. चाहते तो द्यायला तयार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. ते वाद चालू ठेवतात म्हणून ट्रॅव्हर्सचं एखादं वाक्य, फोनवरचं एखादं ‘मॅडम’ वाया जात नाही. लिहिणाऱ्याने सहज टाकलेला शब्दही कुणीतरी मनापासून ऐकतं. कुठल्याही लेखकाला याहून चांगला श्रोता मिळत नाही.