वाऱ्याला जाब विचारणारी कविता

जुन्या पद्धतीच्या शेतीत कापणीला कंबर मोडते, मळणीला दिवसच्या दिवस जातात. पण ही कामं माणसाच्या नि बैलाच्या बळावर पार पडतात. धान्यातला भुसा उडवण्याची उपणणी मात्र वाऱ्यावाचून होत नाही. पाटी भरून उंच तिवईवर उभं राहिलं आणि वारा पडलेला असला, की भरले हात तसेच ताटकळतात. बहिणाबाई चौधरींच्या ‘उपननी’ या कवितेचा रस मला या ताटकळण्यात सापडतो.

बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या, जन्म १८८०चा. अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना, जात्यावर बसताना गाणी सुचत आणि घरचे ती टिपून ठेवत. १९५१मध्ये त्या गेल्या. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव यांनी त्या गाण्यांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात कापणी, रगडणी, उपणणी अशी शेतीची कामं एकेका कवितेत येतात.

‘उपननी’त खळ्यावरची बाई वाऱ्याला बोलावते ती मारुतीचा बाप म्हणून. पुराणातलं नातं खरं; पण गावात वडीलधाऱ्या माणसाला लेकाच्या नावानेच हाक मारतात. त्या एका हाकेसरशी वायुदेव शेजारच्या आळीतला माणूस होतो. मग ती त्याची हजेरी घेते. गुंगारा देऊ नकोस, तुझ्या थापा पुरे झाल्या, आज कुठे वासराच्या कानात शिरलास, असं विचारते. काम खोळंबल्यावर ऐनवेळी न आलेल्या गड्याला घरधनीण विचारील, तोच हा सूर. त्यात राग आहे, माया आहे आणि ‘तू येणारच’ हा विश्वासही आहे.

आर्जवाऐवजी हा हक्क कुठून आला? पेरण्यापासून रगडण्यापर्यंत तिच्या वाट्याचं सगळं काम तिने चोख केलं आहे. आता पाळी वाऱ्याची. आपलं काम पुरं केलेलं माणूस देवालाही त्याचं काम विचारू शकतं, हा या कवितेचा ताठ कणा. श्रमाच्या समाधानाचं इतकं थेट रूप मराठी कवितेत मी क्वचितच पाहिलं आहे.

हीच दृष्टी ‘रगडनी’त दुसऱ्या अंगाने येते. तिथे खळ्यात फिरणाऱ्या बैलाला ती बापा म्हणते, पाय उचलायला सांगते आणि पुण्याई त्याच्या पायांची मानते. वाऱ्याला जाब, बैलाला श्रेय. ज्याचं त्याला देण्याचा हा व्यवहार तिला कुणी शिकवलेला नाही. ज्या घरात बैल, विळा, जातं यांच्यावाचून चूल पेटत नाही, तिथे वाढलेल्या मुलीच्या अंगी तो मुरतो. म्हणूनच तिच्या कवितेत निर्जीव असं फारसं काही उरत नाही. कापणीच्या वेळी विळ्याला धार लावायची, तीही सोबत्याला तयार करावं तशी.

छंद आठ अक्षरांचा, ओवीच्या कुळातला. ‘रगडनी’त त्याला बैलाच्या फेऱ्यांची चाल मिळते. ‘उपननी’त तोच छंद शिवारापार ऐकू जावी अशी हाक होतो. ‘ये’ हा साधा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी तगादा वाढत जातो. काम बदललं की लय बदलते, कारण लय कामातूनच उगवलेली आहे. ‘घरोट’मध्ये त्या स्वतःच सांगतात, की जात्यातून पीठ पडावं तसं गाणं पोटातून ओठांवर येतं.

ऐन तिशीत वैधव्य आलेल्या या बाईचे कष्ट गोड मानून चालणार नाही. दुष्काळ, पडका भाव, संसाराचे चटके यांतलं काहीच तिला चुकलं नाही. तरीही ती वाऱ्यापुढे हात जोडत नाही. समाधान म्हणजे सुखाची रास, असं आपण धरून बसतो. बहिणाबाईंचं समाधान धान्य उपणून होण्याआधीच, वारा पडलेला असतानाच बोलू लागतं आणि म्हणूनच ते वाऱ्यावर सोडलेलं नाही.