जुन्या फ्लॅगशिपचा वेग
'अपग्रेड' म्हटलं की आपण लाँचचं वर्ष बघतो. मोबाइलने लावलेली सवय. त्या हिशेबाने सोनीचा २०१७चा अल्फा ९ भंगारात जातो. त्याचे मेगापिक्सेल २४; पुढच्याच वर्षी निम्म्याहून कमी किमतीत आलेल्या अल्फा ७ थ्रीचेही २४च. मग जास्तीचे पैसे कशाचे?

सेन्सर वाचण्याच्या वेगाचे. अल्फा ९चा स्टॅक्ड सेन्सर इतक्या झटपट वाचला जातो की आवाज न करता सेकंदाला २० फोटो निघतात, व्ह्यूफाइंडर काळा पडत नाही आणि फिरवलेली बॅट वाकडी दिसत नाही. नाटकात, नट वाक्याआधी थांबलेला असताना, ही शांतता मोलाची. पण काही एलईडी दिव्यांखाली फोटोवर पट्टे उमटतात. मग मेकॅनिकल शटर लावा: खटखट, आणि सेकंदाला फक्त ५ फोटो. एस-लॉगही नाही, तेव्हा व्हिडिओवाल्यांनी लांबच राहावं.

२०१९मध्ये फर्मवेअरने त्याला नवं ट्रॅकिंग दिलं. सॉफ्टवेअर मागाहून सुधारतं. सेन्सरचा वेग जन्मजात असतो.

सेकंडहँड अल्फा ९ घेण्याआधी एवढंच विचारा: माझ्या फोटोत हलतं काय? डोंगर आणि जेवणाची ताटं काढणाऱ्याचा अर्धा कॅमेरा कपाटातच राहील.