सांत्वन आणि लांबण : शरदातील फेरगीतांविषयी

शरद ऋतू आणि सांत्वन यांचा संबंध युरोपीय काव्यपरंपरेत पानगळीतून येतो. व्हर्लेनने १८६६ च्या आपल्या पहिल्या संग्रहात शरदगीत लिहिले तेव्हा गळणारे पान आणि खचलेले मन यांची सांगड त्याला वाचकांना समजावून सांगावी लागली नाही. त्या परंपरेत दुःख ऋतूच देतो आणि गाणे त्यावर फुंकर घालते. मराठी प्रदेशात पानगळ शिशिरातली. शरद हा पाऊस ओसरल्याचा, निवळलेल्या पाण्याचा, उभ्या पिकाचा काळ. मग येथे शरदातल्या गाण्याने सांत्वन करायचे ते कोणाचे आणि कशाबद्दल? या प्रश्नाचे उत्तर निसर्गात नसून कुटुंबरचनेत आहे. कालिदासाने 'ऋतुसंहारा'च्या तिसऱ्या सर्गात शरदाला नववधूची उपमा दिली आहे. ती येते, आणि तिचे येणे पाहणाऱ्याला सुंदर वाटते. भोंडला, हादगा आणि भुलाबाई यांच्या गाण्यांत हीच नववधू उलट्या वाटेने, म्हणजे माहेराकडे, निघू पाहताना दिसते. पाहणाऱ्याची जागा येथे रिकामी आहे. जे काही ऐकू येते ते वधूच्या बाजूने.

या तिन्ही प्रथांची बाह्य रूपे परिचित आहेत. सूर्य हस्त नक्षत्रात असताना किंवा नवरात्रात पाटावर हत्तीचे चित्र काढून मुली त्याभोवती फेर धरतात. खानदेश-विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई-भुलोबांच्या मातीच्या मूर्ती मांडतात, आणि तेथे तर स्वतः पार्वतीच माहेरपणाला आलेली असते. शेवटी झाकलेली खिरापत ओळखण्याचा खेळ. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी या प्रथांचा अर्थ प्रामुख्याने हस्ताचा पाऊस, गजप्रतीक आणि भूमीचे सुफलन या अंगाने लावला आहे. तो चुकीचा आहे असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु विधीचे मूळ सांगितले म्हणजे गाण्याचा अर्थ सांगून झाला, ही समजूत मात्र सोयीची आहे. हत्ती पाटावर स्थिर असतो, आणि त्याच्याभोवती जे गायले जाते त्यातील फार थोड्या ओळी त्याच्याशी बोलतात. उरलेल्या सासूशी, नणंदेशी, नवऱ्याशी किंवा त्यांच्याविषयी आहेत.

यांतले सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे कारल्याच्या वेलाचे गाणे. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते. सासू नाही म्हणत नाही. कारल्याचे बी पेरून मग जा, असे सांगते. बी पेरले की कोंब येऊ दे, कोंब आला की वेल वाढू दे, मग फूल, मग कारले, मग भाजी, मग जेवण, मग उष्टे. काही पाठांत याच रीतीने सासू सासऱ्याकडे, सासरा दिराकडे, दीर आणखी कोणाकडे बोट दाखवतो. या रचनेला साखळीगीत म्हणून बाजूला ठेवणे सोपे आहे. बालगीतांतही अशा साखळ्या सापडतात. परंतु येथील साखळीची प्रत्येक कडी एक नकार आहे, आणि तो नकार होकाराच्या रूपात दिलेला आहे. एकत्र कुटुंबातील सत्तेची ही नेमकी कार्यपद्धती होय. ती बंदी घालत नाही, लांबण लावते. बंदीविरुद्ध तक्रार करता येते. 'एवढे झाले की जा' याविरुद्ध काय तक्रार करणार? त्यातही निवड कारल्याची, म्हणजे कडू फळाची आणि वाढायला काही आठवडे घेणाऱ्या वेलीची आहे. ज्या ऋतूत माहेरी जायचे तो ऋतू वेल फळेपर्यंत संपून गेलेला असेल, हा हिशेब गाण्यात कोठेही मांडलेला नाही. मांडण्याची गरजही नव्हती. गाणाऱ्या साऱ्या शेतीच्या दिनक्रमात वाढलेल्या.

आता या गाण्याच्या प्रयोगरूपाकडे पाहिले की एक विलक्षण गोष्ट घडते. घरात जी लांबण छळ असते तीच फेरात आनंद होते. फेर धरलेल्या मुलींना गाणे लवकर संपायला नको असते. ते संपले की खिरापत, आणि खिरापत संपली की घर. सासूच्या तोंडची प्रत्येक नवी अट म्हणजे फेराचा आणखी एक वळसा. एखादीने मध्येच एक कडी वाढवली तर तिला कोणी थांबवत नाही. सासूचे हत्यार मुलींच्या हाती आलेले असते आणि त्या ते मनसोक्त चालवतात. शेवटी वेणीफणी होऊन सून माहेराला निघते, पण हा शेवट इतक्या घाईने उरकला जातो की गाण्याचे समाधान त्यात आहे असे म्हणवत नाही. समाधान लांबणीत आहे. या गाण्यांतील सांत्वन संहितेच्या आशयात शोधणाऱ्यांच्या हाती म्हणूनच फारसे काही लागत नाही, आणि मग ते गाण्यांना भाबडी ठरवून मोकळे होतात.

जात्यावरच्या ओवीशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होईल. ओवी पहाटेची, एकटीची किंवा दोघींची. तीत दुःखाचे नाव घेतले जाते, आणि नाव घेतल्याने ते हलके होते. साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'पासून हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या प्रयत्नांतून जमलेल्या लाखाहून अधिक ओव्यांपर्यंतच्या संग्रहांतून या बोलण्याची समृद्धी दिसते. फेरगीत असे बोलत नाही. त्यात 'मी' असली तरी ती कोणा एकीची नसते, आणि दुःखाला विशेषण मिळत नाही. संस्कृत साहित्यशास्त्रातील साधारणीकरणाची कल्पना येथे आठवेल. पण ती प्रेक्षक गृहीत धरते. फेराला प्रेक्षक नाही. गाणारीच ऐकणारी आहे, आणि ऐकू येणारा आवाज शेजारणीचा आहे. आपल्या घरातली गोष्ट दुसरीच्या तोंडून, तीही तालावर ऐकू येणे हा सांत्वनाचा वेगळा प्रकार आहे. त्याला 'मन मोकळे करणे' म्हणता येणार नाही, कारण मन मोकळे करण्याची जोखीमच त्यात घ्यावी लागत नाही. दुसऱ्या दिवशी सासूच्या कानावर काय जाणार? कारल्याचे गाणे.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. मानववंशशास्त्रज्ञ मॅक्स ग्लकमन यांनी १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात आफ्रिकेतील विद्रोहविधींविषयी असे प्रतिपादन केले होते की, ठराविक दिवशी सत्तेचा उपहास करण्याची मुभा ही अंतिमतः सत्तेलाच बळकट करते. नऊ किंवा सोळा दिवस सासूला नावे ठेवायची आणि मग वर्षभर तिच्या हाताखाली राबायचे, तर हे सांत्वन म्हणजे व्यवस्थेने ठेवलेली वाफ जाण्याची वाट नव्हे काय? आक्षेप टाळण्यासारखा नाही. वेड्या नवऱ्याचे गाणे त्याला पुष्टीच देते असे वाटू शकते. बायकोने केलेले लाडू हा वेडा चेंडू समजतो, करंजीला होडी समजतो. मुली हसत राहतात. शेवटी झोपलेली बायको त्याला मेलेली वाटते आणि तो तिला जाळून टाकतो. या ओळीवरही हसू थांबत नाही. उपहासाचा विषय नवरा, पण जळते ती बायको.

परंतु या हशाला केवळ बधिरता म्हणणे घाईचे आहे. गाण्याची पूर्ण रचना पाहता पदार्थांच्या ओळीतच बायको येऊन बसते. लाडू, करंजी, बायको अशी ती एक मालिका आहे, आणि या मालिकेइतके नेमके विधान सुधारकी गद्यातही क्वचितच सापडेल. फरक इतकाच की गद्य त्यावर भाष्य करते, गाणे करत नाही. भाष्य नसल्यामुळे ते सुरक्षित राहते, आणि सुरक्षित राहिल्यामुळे टिकते. ग्लकमन यांची मांडणी विधी संपल्यानंतर व्यवस्थेचे काय होते हे सांगते; गाणारीच्या स्मरणात काय राहते याविषयी ती गप्प आहे. वाफ निघून गेली की उरत नाही. ही गाणी आज्या नातींना शिकवत आल्या आहेत.

नातींचा मुद्दा वेगळ्या कारणानेही महत्त्वाचा आहे. फेर धरणाऱ्यांत मोठी संख्या अविवाहित मुलींची असते. ज्या सासरशी त्यांची अद्याप गाठ पडलेली नाही त्याबद्दलचे सांत्वन त्या आधीच मिळवून ठेवतात, ही विसंगती अनेकांना खटकली असेल. तिचा खुलासा इतिहासात आहे. १९२९ च्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले. त्यापूर्वी, आणि अनेक ठिकाणी त्यानंतरही, फेरातल्या दोन मुलींमध्ये वयाचे नव्हे, केवळ मंगळसूत्राचे अंतर असे. एकीला गाणे आठवण होते आणि तिचा हात धरलेल्या दुसरीला ती वर्दी होती. सासरच्या वैद्याला भिकाऱ्याचे आणि माहेरच्या वैद्याला राजाचे रूप देणाऱ्या गाण्यात ही दोन्ही कार्ये एकदम चालतात. माहेर राजासारखे नसते हे सासुरवाशिणीला ठाऊक असते. ती तरीही गाते, कारण शेजारच्या लहानगीला अजून ते ठाऊक नसते.

आज ही गाणी पुष्कळदा गाण्याऐवजी ऐकली जातात. प्रथम कॅसेट आणि आता भ्रमणध्वनी यांनी त्यांना 'आवडत्या गाण्यां'च्या यादीत आणून बसवले आहे. आवड ही कल्पनाच फेराला परकी होती. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन अशी चढती संख्या जेथे पाळली जाते तेथे गाणे आवडीने नव्हे, पाळीने येते. ध्वनिमुद्रिकेची लांबी आधीच ठरलेली असते. तीत सासू आयत्या वेळी नवी अट घालू शकत नाही. ऐकणारीला ते गाणे मध्येच बंद करता येते, म्हणजे लांबणीवरचा ताबा गाण्याकडून यंत्राकडे गेला. एवढ्याने सांत्वन नष्ट होते असे नाही. त्याचे रूप स्मरणरंजनाच्या जवळ सरकते आणि गाणे गोड होते. कारल्याचे गाणे गोड व्हावे, यात काहीतरी चुकते आहे.

शहरांतील मंडळांनी आणि उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांनी शनिवार-रविवारी भरवलेले भोंडले या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत. अमेरिकेतल्या त्या दिवसांत बाहेर खरोखरच पानगळ चालू असते आणि माहेर समुद्रापलीकडे असते. परवानगी आता सासूची नव्हे, रजेची आणि व्हिसाची लागते, आणि लांबण लावण्यात ही कार्यालये सासूला हार जाणारी नाहीत. सभागृहात फेर धरताना पुष्कळजणींच्या एका हातात छापलेला कागद किंवा फोन असतो, कारण शब्द पाठ नसतात. फेराला मात्र दोन्ही हात लागतात. साखळीगीताच्या वेळी ही अडचण कमी होते. बी म्हटले की कोंब आणि कोंब म्हटला की वेल आपोआप पुढे येतो, आणि तेवढ्यापुरता कागद खाली ठेवता येतो.