पाठीचा कणा आणि परिचयाचीं पुस्तकें

मराठींत शास्त्रीय वाङ्मय नाहीं, ही ओरड आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलों आहों. ती आतां पुरती खरी राहिलेली नाहीं. निदान पृष्ठवंशीय, म्हणजे पाठीला कणा असलेल्या प्राण्यांच्या बाबतींत तरी शाळेचीं क्रमिक पुस्तकें आहेत, मुलांसाठीं सचित्र पुस्तकें आहेत, आणि वाईचा मराठी विश्वकोशही आहे. आमची तक्रार निराळी आहे. ह्यांतील पुष्कळ पुस्तकें स्वतःस 'परिचय' म्हणवितात, आणि नेमका परिचय तेवढा करून देत नाहींत.

ही तक्रार आमच्या मनांत उभी राहिली ती परतूरला. परतूर हें जालना जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचें, दुधनेच्या खोऱ्यांतलें, काळ्या जमिनीचें. उन्हाळ्याच्या अखेरीस तेथें एका स्नेह्यांच्या मळ्यांत आम्ही गेलों असतां नांगरटीच्या ढेकळांतून एक मांडूळ बाहेर आलें. गड्यानें त्यास 'दुतोंड्या' म्हणून ओळखलें, आणि शहरांत ह्याला लाखांचा भाव येतो असेंही हळूच सांगितलें. स्नेह्यांचा सातवींतला मुलगा जवळ उभा होता. त्यानें आम्हांस विचारलें, "काका, ह्याला हाडं असतेत का? का गांडुळावानीच असतंय हे?" पृष्ठवंशीय प्राण्यांची व्याख्या त्याला तोंडपाठ होती, विचारतांच त्यानें ती म्हणूनही दाखविली. परंतु व्याख्येंतला कणा आणि ढेकळांत वळवळणारें तें जनावर ह्यांची गांठ त्याच्या पुस्तकानें कधीं घालून दिली नव्हती.

तें पुस्तक आम्हीं त्याच रात्रीं वाचून काढलें, आणि पुढें त्या जातीचीं आणखी पांचसात चाळलीं. मांडणी सर्वांची एकच. पहिल्या वाक्यांत कणा येतो आणि दुसऱ्या वाक्यापासून तो बेपत्ता होतो. मग मत्स्य, उभयचर, सरपटणारे, पक्षी आणि सस्तन असे पांच खण. प्रत्येक खणांत त्वचा, श्वसन, हृदय, रक्त थंड कीं उष्ण, अंडीं कीं पिल्लें. आणि शेवटीं उदाहरणें. ज्या अवयवावरून साऱ्या कुळास नांव मिळालें त्याचें पुढें काय झालें, हें विचारण्याची सोयच नाहीं. नाटकाला नायकाचें नांव द्यावें आणि पहिल्या प्रवेशानंतर त्यास रंगभूमीवर येऊं देऊं नये, तसा हा प्रकार आहे.

वास्तविक ह्या कण्याइतका मनोरंजक विषय दुसरा सांपडणें कठीण. माणसाच्या मानेंत सात मणके असतात. मान खालीं घातली असतां तिच्या मुळाशीं जो मणका बोटाला टोचतो, तो सातवा. गाईच्या मानेंत सात, उंदराच्या मानेंत सात, वटवाघळाच्या मानेंत सात, आणि जिराफाच्या मानेंतही सातच. फक्त जिराफाचा एकेक मणका वीतभराहून लांब. उलट संध्याकाळीं तारेवर बसून मान गरगर फिरविणाऱ्या पिंगळ्याच्या मानेंत मणके चौदा. बेडकाचा सारा कणा नऊ मणक्यांचा आणि त्यापुढें एका हाडाच्या दांड्याचा. शेपूट गेली, अंग आंखूड झालें, म्हणून तर त्याला उडी साधते. धामणीच्या अंगांत मणके दोनशेंहून अधिक. साप म्हणजे बिनहाडाचें जनावर अशी आपल्याकडे कित्येकांची समजूत असते. खरें पाहतां साप म्हणजे कणा आणि बरगड्या ह्यांवांचून दुसरें फारसें हाडच नव्हे. कासवाच्या बरगड्या आणि कणा त्याच्या पाठीच्या ढालीशीं एकजीव झालेले असतात. म्हणून कासव ढाल टाकून बाहेर येतें, ही गोष्टींतली गोष्ट गोष्टींतच राहते.

चालण्याचेंही तसेंच. मासा पोहतो, सरडा पळतो, साप सरकतो, तेव्हां कणा डावीउजवीकडे वाकतो. कुत्रें भरधाव धांवूं लागलें कीं त्याची पाठ खालींवर होते. आणि समुद्रांतला डॉल्फिन दिसावयास कितीही माशासारखा असला तरी शेपूट खालींवर हालवितो, माशासारखी आडवी नव्हे. कारण तो पाण्यांत परत गेलेला सस्तन आहे. एवढें एक निरीक्षण मुलाच्या हातीं दिलें तर पांच खणांतील दोन भिंती त्याला आपोआप दिसतील. ह्यांतील एकाही गोष्टीस प्रयोगशाळा लागत नाहीं; परतूरचा रस्ता आणि दुधनेचा कांठ पुरे.

आमची दुसरी तक्रार नांवांविषयीं आहे. 'सस्तन' हा शब्द उत्तम. लक्षणच नांव झालें आहे. परंतु 'उभयचर' म्हटलें कीं मूल मगर सांगतें, कासव सांगतें, एखादें धीट मूल म्हैसही सांगतें. त्यांत मुलाची चूक काय? जो पाण्यांत व जमिनीवर दोन्हीकडे फिरतो तो उभयचर, असाच अर्थ शब्दांतून निघतो. मूळ ग्रीक शब्दांत दोन्ही प्रकारचें 'जीवन' आहे; बाळपणीं कल्ल्यांनीं श्वास घेणारें आणि वाढल्यावर बहुधा फुप्फुसांनीं घेणारें असें दुहेरी आयुष्य. आपण जीवनाचें संचरण केलें आणि मुख्य मुद्दा गमावला. 'सरपटणारे' ह्या नांवांत कासव आणि भरधाव पळणारा सरडा कसे बसवावे, हेंही कोणी सांगत नाहीं. नांवें आतां रूढ झालीं आहेत आणि तीं बदला असा आमचा आग्रह नाहीं. पण नांव आणि लक्षण ह्यांत फट असेल तेथें ती बुजविणें हें परिचयकाराचें पहिलें काम नव्हे काय? दहावीच्या पुस्तकांतील 'पृष्ठरज्जू' ह्या शब्दाची तीच गत. रज्जु म्हणजे दोरी. प्रत्यक्षांत तो अवयव आधार देणारा दांडा आहे. त्याच्या शेजारींच 'चेतारज्जू' ही खरीखुरी दोरी येते, आणि विद्यार्थी दोन्हींची एकच वेणी घालून मोकळा होतो.

गुणही सांगितले पाहिजेत. १९७६ सालीं ज्याचा पहिला खंड निघाला त्या विश्वकोशांतील प्राणिविषयक नोंदी नेमक्या व विश्वसनीय आहेत; मात्र कोशाचा क्रम वर्णांचा असल्यानें हें कुटुंब निरनिराळ्या खंडांत विखुरलें गेलें आहे. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) ह्यांनीं वनखात्याच्या चाकरींत रानांतल्या माणसांच्या तोंडचीं नांवें वेंचून 'पक्षिकोशा'सारखीं पुस्तकें सिद्ध केलीं. ज्यास आपण अडाणी म्हणतों त्याच्यापाशीं प्राण्यांची केवढी ओळख सांठलेली असते, हें त्यांच्या लेखनानें दाखविलें. परिचयाच्या पुस्तकांनीं हा धडा मात्र गिरविला नाहीं. परतूरच्या मुलास धामण, घोरपड, पिंगळा, मुंगूस हीं सारीं ठाऊक. पुस्तकांत त्याला पेंग्विन आणि कांगारू भेटतात.

कोणी म्हणेल, वर्गीकरण हीच शास्त्राची शिस्त; तुम्ही ती मोडूं पाहतां. तसें नाहीं. आपल्या पूर्वजांनीं जरायुज, अंडज असे जन्मावरून विभाग केले. ॲरिस्टॉटलनें रक्तावरून केले. १८०१ च्या सुमारास लामार्कनें कण्यावरून केले. प्रत्येक विभागणीमागें एक प्रश्न होता. आमचीं पुस्तकें उत्तर देतात, प्रश्न देत नाहींत. शिवाय ते पांच खणही आज पूर्वीइतके भक्कम राहिलेले नाहींत; वंशाच्या नात्यानें मगर पालीपेक्षां पक्ष्यांना जवळची आहे. पाठ केलेला खण मोडला कीं मूल गोंधळतें. कण्याची कथा कळलेली असेल तर त्याला नवें नातें कळल्याचा आनंद होतो.

हा दोष आम्ही दुसऱ्यांच्याच माथीं मारीत नाहीं. हा विषय आम्हीं इंग्रजींतून शिकलों आणि उणींपुरीं तीस वर्षें इंग्रजींतूनच शिकविला. त्या दिवशीं बांधावर उभें राहून मुलाला उत्तर देतांना आमची जीभ प्रथम अडखळली. मग माशाचा काटा, मणका, बरगडी, माकडहाड हे घरांतलेच शब्द एकामागून एक हातीं आले, आणि काम भागलें. मांडुळाला डोकें एकच. कणा तेथून निघतो आणि शेपटींत संपतो. शेपूट बोथट असल्यामुळें तोंडासारखी दिसते, इतकेंच. गड्यानेंही तें ऐकलें.

कारण येथें नुसता परीक्षेतील गुणांचा प्रश्न नाहीं. ह्या दोन तोंडांच्या आणि गुप्तधनाच्या भ्रमापायीं महाराष्ट्रांत मांडुळांची चोरटी विक्री होते, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तो गुन्हा असूनही ती थांबत नाहीं. उंदीर खाऊन शेताचें राखण करणारी धामणही नाहक मारली जाते. कायदा पकडल्यावर शिक्षा करील. पकडण्याची इच्छाच होऊं नये, हें काम पुस्तकाचें आहे. तें पुस्तक मराठींत अद्याप लिहिलें जावयाचें आहे, आणि त्याचें पहिलें पान वाचकाच्या स्वतःच्या पाठीपासून सुरू व्हावें, एवढीच आमची अपेक्षा.

तें मांडूळ आम्हीं बांधाच्या कडेला सोडवून घेतलें. मातींत शिरतांना मुलगा त्याच्याकडे पाहत होता, आणि त्याचा हात आपल्याच मानेवरचा सातवा मणका चांचपीत होता.