मैत्रीचा करार आणि मंठ्याची तूर

आंतरराष्ट्रीय संबंध म्हटलं की डोळ्यांसमोर झेंडे आणि हस्तांदोलनाचे फोटो येतात. आज असा एक करार घेऊ, जो मंठ्याच्या मोंढ्यात उभं राहूनही वाचता येतो: भारत आणि मोझांबिक यांच्यातला तुरीचा.

७ जुलै २०१६ ला पंतप्रधान मोदी मापुटोत असताना त्यावर सह्या झाल्या. पहिल्या वर्षी १ लाख टन, मग दरवर्षी वाढवत २०२०-२१ ला २ लाख टन तूर भारतात यायची. २०१५ च्या दुष्काळात तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली होती, त्यामुळे दिल्लीला घाई होती. मोझांबिकमध्ये तूर पिकते, पण तिथल्या ताटात फारशी दिसत नाही. मुख्य गिऱ्हाईक आपणच.

अशा करारांवर अभ्यासकांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एक म्हणतो, हे दक्षिणेकडच्या देशांचं परस्पर सहकार्य, भारत चीनपेक्षा वेगळा वागतो. दुसरा म्हणतो, हा नवा वसाहतवाद. माझी तक्रार दोघांबद्दल आहे. दोघंही 'भारत' आणि 'मोझांबिक' अशी दोन माणसं असल्यासारखं लिहितात. भारत म्हणजे डाळ विकत घेणारा मुंबईकर, की तूर विकणारा मंठ्याचा शेतकरी? या दोघांचं हित एकच नाही.

आता हंगाम बघा. आपल्याकडे तूर जूनमध्ये पेरतात आणि डिसेंबर-जानेवारीत काढतात. बदनापूरच्या केंद्राचं बीडीएन ७११ सारखं लवकर येणारं वाण थोडं आधी निघतं, एवढंच. मोझांबिक दक्षिण गोलार्धात, त्यामुळे तिकडचा माल आपल्या हिवाळ्याच्या तोंडावर बंदरात उतरतो. म्हणजे आपली रास व्हायची, तेव्हा बाजारात परदेशी तूर आलेली असते.

२०१६-१७ ला देशात ४८ लाख टनांहून जास्त तूर झाली, आदल्या वर्षीच्या जवळपास दुप्पट. बोनस धरून हमीभाव ५०५० रुपये, पण बाजारात भाव त्याच्या खाली. खरेदी केंद्रांवर रांगा, त्यात बारदाना संपलेला. हे सगळं मोझांबिकमुळे झालं असं म्हणणं खोटं ठरेल. ४८ लाखांपुढे १ लाख टन म्हणजे किती? खरी गोष्ट वेगळीच आहे. त्या वर्षी भारतातून तूर बाहेर पाठवायला बंदी होती, ती सप्टेंबर २०१७ मध्ये उठली. परक्या देशाला पाच वर्षांचे आकडे लिहून दिले आणि घरच्या शेतकऱ्याला बाहेरचा बाजारही मोकळा नव्हता.

तिकडच्या शेतकऱ्याचं भलं झालं म्हणावं, तर तेही नाही. भारत घेणार म्हणून झांबेझिया, नांपुला या प्रांतांत लोकांनी तूर लावली. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. सरकारी करारातला माल त्यातून वगळला होता, पण खाजगी व्यापार आखडला. त्या वर्षी तिकडेही भाव कोसळले. करार कागदोपत्री शाबूत राहिला, शेतकरी मात्र दोन्हीकडे बुडाला. म्हणून 'कोण कोणाला लुबाडतंय' हा प्रश्न देशांच्या पातळीवर विचारून उत्तर मिळत नाही, असं माझं मत आहे.

२०२१ मध्ये करार पाच वर्षांनी वाढवला, वर्षाला २ लाख टन. त्याच वर्षी मलावीशी ५० हजार टनांचा तसाच करार झाला. मग २०२३ च्या अखेरीस उलटंच झालं: इकडे तुरीची चणचण, भाव ७००० च्या हमीभावाच्या बराच वर, आणि तिकडे कंपन्यांच्या भांडणात माल नाकाला बंदरात अडकलेला. दोन सरकारांची मैत्री होती, पण गोदामाची किल्ली व्यापाऱ्यांकडे.

म्हणून असा करार हातात आला तर टनांचा आकडा शेवटी वाचा. आधी बघा, माल कोणत्या महिन्यात उतरणार आणि इथला भाव हमीभावाखाली गेला तर आयात थांबणार का. नंतर बघा, झांबेझियातल्या शेतकऱ्याला दर कोण देणार. मापुटोत सही झाली तेव्हा जाहीर झाले ते टनांचे आकडे आणि वर्षं. मंठ्याचा शेतकरी मात्र विचारतो, कोणत्या महिन्यात?